रडारचा उंबरठा

आजकालच्या बऱ्याच मोटारींच्या पुढच्या बंपरमागे एक चपटी डबी बसवलेली असते. बाहेरून ती दिसत नाही. कधीकधी ती बोधचिन्हाच्याच पाठीमागे दडवलेली असते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तरंगांची वारंवारता ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि लांबी जेमतेम चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. प्लॅस्टिकमधून हे तरंग आरपार जातात. अंधाराशी त्यांना कर्तव्य नसते, धुक्याचीही फारशी अडचण होत नाही. समोरच्या वस्तूवर आदळून ते परत आले, की जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि वारंवारतेत पडलेल्या फरकावरून वेग. हा फरक का पडतो, ते डॉप्लरने १८४२ साली प्रागमध्ये मांडले होते; तो बोलत होता ताऱ्यांबद्दल.

या डबीच्या भरवशावर गाडी पुढच्या वाहनाशी अंतर राखते, आरशात न दिसणाऱ्या दुचाकीची सूचना देते, आणि वेळ आली तर आपणहून ब्रेक लावते. मला हे आवडते. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतला साधारण पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. माणसाचा डोळा लागतो, लक्ष फोनमध्ये जाते. यंत्राला झोप नाही. तेव्हा मी यंत्राविरुद्ध लिहायला बसलेलो नाही. मला कुतूहल आहे ते एवढ्याचेच, की समोर काही 'नाही' असे हे यंत्र कशाच्या आधारावर म्हणते.

रडारकडे परत येते ते चित्र नसते. येतो तो निव्वळ गलबला. रस्त्याकडेचे लोखंडी कठडे, पाट्या, गटाराची झाकणे, डोक्यावरचा पूल, सगळेच आपापला प्रतिध्वनी पाठवत असतात. गाडी ताशी शंभरच्या वेगाने निघाली असेल, तर उभे असलेले सगळे जग रडारच्या दृष्टीने ताशी शंभरच्या वेगाने अंगावर येत असते. पूलही येतो आणि पुलाखाली बंद पडलेला ट्रकही येतो. जुन्या रडारांना उंची नीट मोजता येत नसे, त्यामुळे या दोघांत फरक करणे अवघड होते. दर पुलाला ब्रेक लागू लागला तर गाडी कोण घेईल? म्हणून एक तोड निघाली: जे कधी हलताना दिसलेच नाही, त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष करायचे. नवी रडारे उंचीही मोजतात, कॅमेरा जोडीला असतो, परिस्थिती सुधारली आहे. तरी गाडीसोबत येणारे जाडजूड पुस्तक कोणी उघडले (उघडत कोणी नाही), तर उभ्या वाहनाला ही प्रणाली प्रतिसाद देईलच असे नाही, अशा अर्थाची सूचना त्यात बहुधा सापडते. आपल्या महामार्गांवर रात्री दिव्याविना उभा असलेला ट्रक ज्याने पाहिला आहे, त्याला या वाक्याचे वजन समजावून सांगावे लागणार नाही.

पण हा झाला ढोबळ भाग. खरी गोम उंबरठ्यात आहे. परतलेला प्रतिध्वनी किती जोरकस असला म्हणजे 'काहीतरी आहे' असे मानायचे, याची एक पातळी ठरवावी लागते. इंग्रजीत तिला उंबरठा म्हणतात आणि आपणही तोच शब्द घेतला. उंबरठा खाली आणला तर खोटे इशारे वाढतात, वर नेला तर खऱ्या वस्तू सुटतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणे गणितात बसत नाही. यावर रूढ उपाय असा, की खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण आधी बांधून घ्यायचे आणि भोवतालच्या गलबल्यानुसार उंबरठा आपोआप वर-खाली होऊ द्यायचा. मोकळ्या माळावर तो खाली येतो, गर्दीत वर चढतो. म्हणजे गर्दीतल्या माणसाला स्वतःची दखल घ्यायला लावण्यासाठी अधिक मोठा आवाज काढावा लागतो. ट्रकचा प्रतिध्वनी दांडगा आणि माणसाचा क्षीण. ट्रकच्या लगत उभा असलेला माणूस त्या दांडग्या आवाजात बुडून जाऊ शकतो. चालणारा माणूस निदान हातापायांच्या हालचालीमुळे ओळखू येतो, कारण प्रत्येक अवयवाचा वेग किंचित वेगळा पडतो. थांबलेल्याला तीही खूण उरत नाही.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळते. पण त्यांनी त्याला एक अट जोडली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते: न दिसणे हे 'योग्य' असले पाहिजे. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असली तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. रडारची अनुपलब्धी गर्दीत योग्य असते का? कोणासाठी असते? ट्रकसाठी जवळजवळ नेहमीच. ट्रकआडून निघणाऱ्या पोरासाठी तिचे योग्य असणे उंबरठ्यावर अवलंबून, आणि उंबरठा ठरला आहे खोट्या इशाऱ्यांच्या सोयीने.

१८ मार्च २०१८च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरात, एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. उबरची चाचणी चाललेली स्वयंचलित गाडी तिच्यावर आदळली आणि ती मरण पावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी जे निष्कर्ष दिले, ते पुन्हापुन्हा वाचण्यासारखे आहेत. रडारने तिला आदळण्याच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. पुढच्या क्षणांत प्रणाली तिला कधी वाहन म्हणाली, कधी 'इतर', कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदलले की तिची आधीची वाटचाल पुसली गेली, त्यामुळे ती कुठे निघाली आहे हे प्रणालीला नीट कळलेच नाही. झेब्रा पट्ट्यांपासून दूरही माणूस असू शकतो, याची सोयच प्रणालीत नव्हती. खोट्या इशाऱ्यांनी गाडी दचकू नये म्हणून धोका कळल्यावरही एक सेकंद काहीच न करण्याची तरतूद मात्र होती. त्या व्होल्वो गाडीची स्वतःची धडक टाळणारी प्रणाली अशा वेळी बंद ठेवलेली असे. आत बसलेल्या चालक बाईचे लक्ष फोनकडे होते. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे सरकारी वकिलांनी २०१९ साली ठरवले. २०२३ साली चालक बाईने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले.

इथे कोणाला दिसले नाही असे म्हणताच येत नाही. यंत्राने पाहिले होते. पाहिलेल्याचे काय करायचे, ते आधीच, खोलीत बसून, दिवसाउजेडी ठरून गेले होते. तो एक सेकंद कोणीतरी लिहिला, कोणीतरी मान्य केला. तसे करणारे दुष्ट होते असे मला वाटत नाही. खोट्या ब्रेकमुळे मागची गाडी येऊन आदळते, तोही माणसाच्या जिवाशीच खेळ. पण दोन चुकांचा भार सारखा वाटला गेलेला नाही. खोटा इशारा बहुतेक वेळा सोसतो तो आत बसलेला, ज्याने पैसे मोजले आहेत. सुटलेला इशारा सोसतो तो बाहेरचा, ज्याला या व्यवहारात कोणी विचारलेले नाही. आतला तक्रार करतो, विक्रेत्याकडे जातो, दुसऱ्या कंपनीची गाडी घेतो. बाहेरच्याला तक्रारखिडकी नाही. अशा स्थितीत उंबरठा कोणत्या बाजूला सरकत जाईल, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

धारवाडच्या माझ्या एका मित्राने अशी गाडी घेतली आहे. हुबळीला जाताना मी शेजारी बसलो होतो. एका पुलाखाली गाडीने उगाच टणटण केली. "अरे, ही फार भित्री आहे," असे म्हणत त्याने गाडी बाजूला घेतली, पडद्यावरच्या यादीत जाऊन इशारा 'लवकर' होता तो 'उशिरा' केला. दोन बोटांचे काम. पुढे सगळा प्रवास शांततेत झाला, गप्पा रंगल्या. मी त्याला म्हटले, "हा शांतपणा तू कोणाकडून घेतलास?" तो हसला, म्हणाला, "तुझं नेहमीचंच."

युरोपात २०१६ पासून युरो एनकॅप ही संस्था पादचाऱ्यांसाठी आपोआप लागणारा ब्रेक पुतळे वापरून तपासते. मोठ्या माणसाचा पुतळा रस्ता ओलांडतो, लहान मुलाचा पुतळा उभ्या गाडीआडून बाहेर येतो. त्या मुलाच्या पुतळ्यामुळे कंपन्यांना उंबरठा हलवावा लागला असणार. ज्याची परीक्षा होते, त्याची दखल घेतली जाते. आपल्याकडे अशी यादी करायला कोणी बसले, तर तिच्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई असावी, रस्त्यात बसलेली गाय असावी, मागे दिवा नसलेली ऊसगाडी असावी, आणि दुभाजकाला टेकून, दोन ट्रकांच्या मधे, वाहने कधी थांबतील याची वाट पाहत नुसता उभा असलेला एक माणूस असावा.