पब्जी आणि ‘कीचकवध’

बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या माणसाला शहर मागे पडते न पडते तोच पिरनवाडी लागते. शहराच्या विरुद्ध अंगाला, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर, काकती आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये याच काकतीत एकवीस वर्षांच्या एका तरुणाने, मोबाईलवर ‘पब्जी’ खेळण्यास मज्जाव केल्याच्या संतापात, पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या जन्मदात्याची निर्घृण हत्या केली, आणि ती वार्ता देशभर पसरली ती पितृहत्येची म्हणून जितकी, त्याहून अधिक एका खेळाची म्हणून. पुढच्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, पिरनवाडीच्या चौकात संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा आणि चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव यांवरून तंटा पेटला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि अखेर पुतळा जागेवर राहील व चौकास महाराजांचे नाव राहील अशी तडजोड झाली. त्या गर्दीतल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये कोणते खेळ होते याची तहकीकात कोणी केली नाही, आणि करण्याचे प्रयोजनही नव्हते. कारण सीमाभागातल्या त्या मराठी-कन्नड रागाची वंशावळ येथील लहान पोरालाही मुखोद्गत आहे. ज्या हिंसेचे कारण आपणांस ठाऊक असते तिच्यासाठी आपण खेळाला जबाबदार धरत नाही. जिचे कारण उमगत नाही, किंवा उमगूनही उच्चारवत नाही, तिच्याच वेळी एखादे नवे माध्यम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

ही रीत मोबाईलच्या जन्माआधीची आहे, आणि आपल्या मुलखात तरी ती प्रथम आईबापांनी नव्हे तर सरकारने रूढ केली. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-अधिकारी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला होता. एवढे सान्निध्य इलाख्याच्या सरकारला पुरेसे वाटले. ‘केसरी’कार टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो खुनाच्या कटाचा नव्हता. तथापि वृत्तपत्रातली अक्षरे वाचून हात पिस्तुलाकडे जातो हे गृहीतक त्या खटल्याच्या पाठीशी होते, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून जे केले त्याची झडती घेण्यापेक्षा एका छापखान्याची झडती घेणे हे राज्यकर्त्यांना अर्थातच सोयीचे होते.

पुढचे पाऊल रंगभूमीवर पडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आले. कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले, आणि १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. यातला विनोद असा की, त्या रात्री नाट्यगृहात लागलेले नाटक होते देवलांचे ‘शारदा’, म्हणजे जरठ-बाला विवाहाचा धिक्कार करणारे. नाटक पाहून माणसे मारतात हा सिद्धांत अक्षरशः लावायचा तर बंदी ‘शारदा’वर यायला हवी होती!

येथे एक भेद मान्य केला पाहिजे. टिळकांना आणि खाडिलकरांना लोक जागे करायचेच होते. खेळ तयार करणाऱ्या कंपनीला असले काही करायचे नसते, तिला खेळणारा अधिकाधिक वेळ पडद्यापुढे बसलेला हवा असतो. आरोपाचे स्वरूपही काळाबरोबर पालटत गेले. आधी लेखकाचा हेतू दोषी ठरला. चित्रपट आल्यावर हेतू गौण ठरून चित्राची मोहिनीच दोषी ठरली, आणि १९७० च्या अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपट इतर कलांहून अधिक खोल भावना चाळवतो, या कारणास्तव त्याची पूर्वतपासणी ग्राह्य मानली. खेळाच्या बाबतीत तर प्रेक्षकाचे बोटच बंदुकीच्या घोड्यावर असते, म्हणून दोष त्या बोटाच्या सवयीकडे आला. मात्र नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये घालून दिलेली कसोटी मला अद्याप अधिक शहाणपणाची वाटते: शब्दांचा परिणाम जोखावयाचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, जागोजाग धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. ‘तमस’ मालिकेच्या वादात, १९८८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तीच स्वीकारली.

शास्त्रज्ञांचे म्हणणे मथळ्यांहून पुष्कळ सौम्य आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सांगितले की, हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी अल्प संबंध आढळतो, परंतु प्राणघातक हिंसेचे खापर त्यांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांना २०१९ मध्ये हजारभर ब्रिटिश किशोरांच्या पाहणीत आक्रमकतेशीही नाते सापडले नाही.

मग काकतीचे काय? तेथे खेळाचा संबंध नव्हता असे म्हणणे शुद्ध आडमुठेपणा होईल. पण तो कोणत्या जातीचा होता? जी हकीकत प्रसिद्ध झाली तीवरून, खेळात पाहिलेले कृत्य करून पाहावे म्हणून तो हात उचलला गेला नाही; खेळ हिरावला जातो आहे या क्रोधाने उचलला गेला. हे अनुकरण नव्हे, व्यसन आहे, आणि व्यसनाची चिकित्सा वेगळी असते. दारूसाठी पैसे नाकारले म्हणून आईच्या अंगावर धावून जाणाऱ्या मुलाबद्दल दारू त्याला मारामारी शिकवते असे आपण म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये, काकतीच्या घटनेपूर्वी चारच महिने, खेळाच्या अनावर आसक्तीला व्याधींच्या यादीत स्थान दिले होते. परंतु आपल्याकडे त्या वर्षी चर्चा चालली ती बंदीची. राजकोटच्या पोलिसांनी तर मार्चमध्येच खेळणाऱ्या तरुणांना अटक करून दाखवली होती. अखेरीस २ सप्टेंबर २०२० रोजी, पिरनवाडीचा तंटा निवळल्यानंतर काही दिवसांतच, केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली खरी, पण हुकुमातले कारण देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता हे होते. काकतीचा तेथे मागमूस नव्हता. पुढल्या वर्षी तोच खेळ नाव बदलून परतला.

तेव्हा बेळगाव-निपाणीकडच्या वार्ताहर बंधूंना एक विनंती: अशी दुर्दैवी घटना पुन्हा घडलीच, तर खेळाचे नाव मथळ्यात घालण्याआधी तपासी अंमलदाराला विचारा की, आरोपी खेळातून मारायला शिकला, की खेळ तुटला म्हणून बिथरला, आणि त्याला तत्पूर्वी कोणी डॉक्टरकडे नेले होते काय, हेही विचारा.