रंगाआधीचा हिशेब



नाताळ जवळ आला की आपल्या यवतमाळात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. यंदा आमच्याही घराचे काम रंगापर्यंत पोहोचले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. ते सारे दुरुस्त झाले. नवे प्लास्टर वाळावे म्हणून महिनाभर थांबलो. मग पेंटरने लांबी भरली, घासली, प्रायमर मारला. आता रंगाचे दोन हात तेवढे उरले होते.

रंगाचे कार्ड घरात सर्वांच्या हातून फिरू लागले. साध्या डिस्टेंपरवरून आमचे मन धुता येणाऱ्या महागड्या रंगावर गेले. नाताळात पाहुणे येणार, बैठकीची खोली उठून दिसायला हवी! पैसे मात्र संपत आले होते. तेव्हा आम्ही ठरवले, की मिस्त्रीचा शेवटचा हिशेब नाताळानंतर करू. त्याचे काम झाले आहे, थांबेल तो.

आम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबल क्रमाने वाचतो. त्या दिवशी यिर्मयाचा बाविसावा अध्याय आला. प्रभू येशूच्या सुमारे 600 वर्षे आधी यहोयाकीम राजाने प्रशस्त वाडा बांधला. मोठ्या खिडक्या, गंधसरूच्या फळ्या आणि आतून हिंगुळाचा तांबडा रंग! संदेष्टा त्याचा धिक्कार करतो, तो रंगासाठी नव्हे. राजाने शेजाऱ्याला राबवले आणि मजुरी दिली नाही, यासाठी. राजाचा बाप योशीया हाही सुखाने खातपीत होता. पण तो गरिबांना न्याय देई. मला ओळखणे म्हणजे हेच, असे देव तेथे सांगतो.

वाचन संपले आणि कोणी काही बोलेना.

आपल्या जिल्ह्यात कापूस विकून चुकाऱ्याची वाट पाहणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. घरात सण आणि खिसा रिकामा! तीच वेळ आम्ही दुसऱ्यावर आणत होतो. मजुराची मजुरी रात्रभरही ठेवून घेऊ नये, असे लेवीय पुस्तकात (19:13) सांगितले आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब (5:4) बजावतो. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात हाच इशारा पुन्हा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावून पूर्ण हिशेब केला. त्याच्या हाताखालच्या रेजांची मजुरी देण्यासाठी तो दोन दिवसांपासून उसने पैसे शोधत होता, हे तेव्हा कळले. आम्हांला मान वर करवेना.

बैठकीला साधा डिस्टेंपरच लागला. पाहुण्यांना तो कसा वाटेल, ठाऊक नाही. आम्हांला त्या खोलीत प्रार्थनेला बसताना आता संकोच वाटत नाही.

बंधुभगिनींनो, आगमनकाळात आपण घरे जरूर रंगवू या. तो आनंद देवाला नको आहे असे नाही. पण रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा आठवू या: मिस्त्री, सुतार, पेंटर, धुणीभांडी करणारी बाई, शेतावरचा मजूर, यांपैकी कोणाचे आपल्याकडे काही राहिले आहे का? राहिले असेल तर नाताळच्या मिस्साआधी ते देऊन टाकू या. गोठ्यात जन्मलेला आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. मजुरीची वाट पाहणारे घर त्याला चांगले ठाऊक आहे.