काय निवडायचे, हे कोणी ठरवायचे?

नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका मिरचीचा. इथे ज्याला भेदरं म्हणतात तो टोमॅटो मिरचीच्याच कुळातला. दोघांच्या गुणसूत्रांच्या जोड्या बारा, आणि पांढऱ्या माशीने पसरणारा, पाने आक्रसून टाकणारा विषाणूजन्य कोकडाही दोघांच्या मागे.

वाणाची पारख पूर्वी फळाच्या आकारावरून, रंगावरून होई. पण गुण बियाण्याचा की खतापाण्याचा, हे उमगत नसे. डीएनए मार्कर म्हणजे हव्या जनुकाजवळची ओळखखूण. कोवळ्या रोपाचे पान तपासले की फळ धरण्याआधीच गुण उतरला की नाही ते कळते. वेगळे दिसणारे दोन वाण मुळात एकाच वंशाचे निघतात, हेही मार्करच दाखवतो. अँडीज पर्वताच्या परिसरातून निघालेल्या टोमॅटोचे थोडेच बी जगभर गेले. म्हणून लागवडीच्या वाणांत विविधता तोकडी, ती उरली रानटी भाईबंदांत. कोकड्याशी झुंजणारे टीवाय-2 हे जनुक अशाच रानटी जातीकडून आले.

पण मार्कर आपण विचारू तेवढेच सांगतो. न विचारलेले कसे निसटते, ते जुन्या निवडीतही दिसते: अनेक दशके पैदासकारांनी टोमॅटोची सारखी फिकट हिरवी, एकसारखी पिकणारी फळे निवडली. 2012 मध्ये उलगडले की या निवडीत जीएलके2 हे जनुक निकामी झाले होते. तेच कच्च्या फळात हरितलवके वाढवून साखर साठवायला मदत करी. बाजाराला देखणेपणा मिळाला, खाणाऱ्याची गोडी कमी झाली.

म्हणून मला वाटते, खरा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे. टिकाऊपणा निवडायचा की चव, लांबची वाहतूक की कोरडवाहू जमिनीत तग धरणे, हे केवळ व्यापाराने ठरवू नये. पिकवणारा आणि रांधणारी यांनाही त्यात मत हवे. शिवाय उद्या कोणता गुण लागेल, हे आज कुणालाच ठाऊक नाही. वाण नाहीसा झाला की त्यातले जनुकही गेले. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याचा हक्क दिला आहे. परसात कुणी घरचे बी राखले असेल, तर कृषी विद्यापीठांनी त्या दारापर्यंत जावे, बी तपासावे आणि राखणाऱ्याच्या नावाने नोंदवावे. विज्ञानाची दिशा ठरवण्यात कुहीच्या शेतकऱ्याचा वाटा तिथून सुरू होईल.