त्याग कधी पूर्ण होतो?

राजगुरुनगरात ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घ्यायची तर व्यवहार बहुतेक एका संध्याकाळीच उरकतो. गाडी चालवून बघितली, पैसे दिले, चावी आणि आरसी हातात आली, विकणाऱ्याने टीटीच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर सह्या करून दिल्या. फॉर्मवर तारखेची जागा कोरी असते, घेणाऱ्याचे नावही पुष्कळदा कोरेच. ‘नावावर नंतर करून घेऊ’ असे दोघेही म्हणतात आणि म्हणताना खोटे बोलत नसतात. चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याला पिंपरी-चिंचवडच्या आरटीओसाठी एक खाडा करावा लागतो, तो या आठवड्यात जमत नाही, पुढच्यातही जमत नाही. मधल्या काळात गाडी पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्याच मालकाच्या नावाने धावत राहते. आपण याला आळस म्हणतो, फार तर कायद्याची कटकट म्हणतो. मला हा धर्माचा प्रश्न वाटतो. एखादी वस्तू ‘माझी नाही’ असे म्हणण्याचा हक्क माणसाला नेमका कोणत्या क्षणी मिळतो, हा तो प्रश्न आहे.

कायद्याने याची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत आणि वरवर पाहता ती एकमेकांशी भांडतात. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो की जंगम वस्तूची मालकी, दोघांच्या मनात ती जेव्हा जावी असे असते, तेव्हाच जाते. म्हणजे त्या संध्याकाळीच घेणारा मालक झाला. १९८८ चा मोटार वाहन कायदा मात्र मालकाची व्याख्याच अशी करतो की ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे कोडे नवे नाही. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणून जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही, हे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. तरी फेरफार झाल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. जमिनीच्या बाबतीत एवढे जागरूक असलेले लोक गाडीच्या बाबतीत मात्र कोऱ्या फॉर्मवर सही ठोकतात. जमीन जागच्या जागी राहते. गाडी रोज अनोळखी माणसांच्या अंगावरून जाण्याची शक्यता घेऊन बाहेर पडते. तेव्हा काळजी खरे तर उलटी असायला हवी.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. यज्ञात आहुती देताना यजमान ‘हे माझे नाही’ असे उच्चारतो, कारण त्या उच्चाराशिवाय द्रव्य अग्नीत पडले तरी ते दिले गेले असे होत नाही. पण माणसाने माणसाला दिलेल्या वस्तूचे काय? चालुक्यांच्या कल्याणीत, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने यात एक मोलाची भर घातली. त्याच्या मते दानाला दोन अंगे आहेत: आपले स्वामित्व मागे घेणे आणि समोरच्याचे स्वामित्व निर्माण होणे. दुसरे अंग स्वीकाराशिवाय घडत नाही, आणि स्वीकारही मनाचा, वाणीचा आणि देहाचा असा तिन्ही प्रकारचा असतो. जमीन उचलून हातात घेता येत नाही, म्हणून तिथे थोडा तरी उपभोग झाला पाहिजे, असेही तो सांगतो. दानात जे सांगितले ते विक्रीला लावताना जपून लावले पाहिजे, कारण विक्रीत मोबदला असतो. पण ‘एक सोडतो आणि दुसरा धरतो, या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दोन्ही घडल्या पाहिजेत’ हा गाभा दोन्हीकडे एकच आहे. रोमन लोकांनीही जमीन, गुलाम आणि ओझ्याची जनावरे विकताना पाच प्रौढ नागरिक साक्षीला उभे करण्याचा विधी ठेवला होता. किरकोळ वस्तूंना तो लागत नसे.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५० या दृष्टीने वाचले की त्यातला रुक्षपणा जातो. विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे, त्यासाठी फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे, त्यासाठी फॉर्म ३०. एकाचा त्याग, दुसऱ्याचा स्वीकार. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, कारण ज्या वस्तूत तिसऱ्याचा हक्क गुंतला आहे ती आपण एकट्याने सोडू शकत नाही. चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर पांढरे उमटतात, आणि तो छाप अर्जाला जोडायचा. देणारा, घेणारा आणि खुद्द वस्तू, तिघांचीही ओळख एका ठिकाणी येते. मला या पेन्सिलीच्या छापात विज्ञानेश्वराच्या दैहिक स्वीकाराची आठवण होते. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता वस्तूलाच हात लावून ‘हीच ती’ म्हणणे आहे ते.

मग साक्ष कुणासाठी? घेणाऱ्या-देणाऱ्याला तर सगळे ठाऊकच असते. साक्ष असते ती व्यवहारात नसलेल्या माणसासाठी. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिलेला निकाल याच माणसाला समोर ठेवतो. २००९ मध्ये मागे घेतल्या जाणाऱ्या एका कारखाली एका बाईचा भाचा गेला आणि ती स्वतः जखमी झाली. तोवर कार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेल्याचे सांगण्यात आले, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर होती. उच्च न्यायालयाने खरेदीदारावर टाकलेली जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि नोंदणीकृत मालकालाच उत्तरदायी ठरवले. न्यायालयाचे म्हणणे असे की अपघातात सापडलेल्या माणसाला वा त्याच्या वारसांना, नोंद न झालेल्या विक्रींची साखळी शोधत फिरायला लावता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्याने गाडी चालवली नाही, ज्याला ती कुठे आहे हे ठाऊकही नाही, त्याच्या माथी हे का? कर्म ज्याचे, फळ त्याचे, हेच तर आपण शिकलो. आक्षेपात तथ्य आहे, पण तो दोष आणि उत्तरदायित्व यांची गल्लत करतो. त्या निकालाने नोंदणीकृत मालकाला पापी ठरवलेले नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसाने कुणाचे दार ठोठावायचे, एवढेच ठरवले आहे. शिवाय विकणाऱ्याने काहीच केले नाही हेही खरे नाही. त्याने कोरा फॉर्म सही करून दिला. कोऱ्या कागदावरची सही म्हणजे पुढे कुणीही, कधीही, कोणतेही नाव घालून वापरावी अशी परवानगी. ते कर्मच आहे आणि त्याचे फळ त्याच्याकडे आले तर कर्मसिद्धान्ताला धक्का बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो वारकऱ्यांच्या या मुलखात सहज ऐकू येतो. जिथे देहच आपला नाही तिथे गाडी कुणाच्या नावावर आहे याची एवढी चिंता कशाला? मनाने सोडली की सुटली. याला उत्तर चाकणहून फार लांब जावे न लागता देहूत मिळते. परंपरा सांगते की तुकोबांनी घरच्या सावकारीची गहाणखते इंद्रायणीत बुडवली. मनातून विरक्त झालो म्हणून ते थांबले नाहीत. ज्या कागदांच्या जोरावर पुढे कुणीतरी कुळांकडे वसुलीला गेले असते, ते कागदच त्यांनी नष्ट केले. आणि तीच कथा असेही सांगते की भाऊ कान्होबाच्या वाट्याचे अर्धे कागद त्यांनी आधी वेगळे काढून दिले, कारण दुसऱ्याच्या हक्काचा त्याग आपल्याला करता येत नाही. ही कथा मला वैराग्याची सगळ्यात काटेकोर व्याख्या वाटते. याउलट १९५१ मध्ये विनोबांनी सुरू केलेल्या भूदानात, इतक्या निर्मळ हेतूने सुरू झालेल्या कामात, दान जाहीर झालेल्या कितीतरी जमिनी भूमिहीनांच्या नावावर कधी झाल्याच नाहीत. देणाऱ्याला पुण्य मिळाल्याचे समाधान मिळाले, घेणारा मोकळ्या हातांनी राहिला. अनासक्ती हक्क सोडायला शिकवते. जबाबदारी हवेत सोडून द्यायला ती कधीच शिकवत नाही. जो ‘माझे’ म्हणत नाही पण ‘आता याचे’ असेही कुठे लिहून देत नाही, त्याच्या गाडीला रस्त्यावर कुणीच धनी उरत नाही.

तिसरा आक्षेप गरजेचा आहे. रोजंदारीवरच्या माणसाला आरटीओच्या खेपा, एजंटची फी, बुडालेला पगार हे सगळे महागात पडते, आणि धर्म फक्त सवड असलेल्यांसाठी असू शकत नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच ज्याच्याकडे सवड आणि पैसा जास्त, त्याने पुढाकार घ्यावा असे माझे मत आहे. बहुतेक व्यवहारांत तो विकणारा असतो. घेणाऱ्यानेही चावी घेण्याआधी इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसीशी ताडून पाहावा, बोजा, विमा आणि थकलेली चलने बघावीत. यात सवडीचा फारसा प्रश्न येत नाही.

पण विकणाऱ्याने सगळे केले, १४ दिवसांत फॉर्म २९ दिला, आणि घेणारा गायब झाला तर? इथे विज्ञानेश्वराच्या विचारातली अडचण आजही तशीच उभी आहे: स्वीकार झाला नाही तर सोडणारा अडकलेलाच राहतो. माझ्या मते इथे कायदा धर्माहून कठोर आहे आणि तो बदलला पाहिजे. आणि बदलता येतो याचा पुरावाही आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी, मालकाने अधिकृत डीलरकडे गाडी सोपवून तशी सूचना नोंदवली की त्या दिवसापासून डीलरलाच मालक मानायची सोय केली आहे. ज्याच्याकडे दुकान आहे त्याला जे लागू, ते राजगुरुनगरच्या एका शेजाऱ्याने दुसऱ्याला विकलेल्या गाडीलाही लागू व्हावे. घेणाऱ्याच्या ओळखीसह आणि सहीसह दिलेली सूचना पोचली, की पोचपावतीच्या तारखेपासून उत्तर देणारा बदलावा. कोरा फॉर्म देणाऱ्याला मात्र ही सवलत नसावी.