मधला मार्ग आणि मिक्श्चरचा नट

मध्यम मार्ग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना तडजोड आठवते. थोडं इकडचं घ्यायचं, थोडं तिकडचं, आणि कुणालाच दुखवायचं नाही. चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोण नावाच्या भिक्षूला बुद्धाने ना फार ताणलेल्या, ना फार सैल अशा वीणेच्या तारांचा दाखला दिला. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’मध्ये सद्गुणाला दोन टोकांच्या मधे जागा दिली. या दोघांना एवढी तडजोडच सांगायची असेल, तर तो उपदेश फारसा कामाचा नाही. चोर आणि साव यांच्या अगदी मधोमध उभं राहणाऱ्याला कुणी सज्जन म्हणत नाही. माझ्या मते मध्य हा पट्टीने मोजून सापडत नाही, तो चाचपून शोधावा लागतो. परिस्थिती बदलली की तो सरकतो, आणि तरीही तो कुणाच्या मर्जीवर नसतो. या गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात. जुन्या मोटारीच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, मात्र त्या सुखाने एकत्र नांदतात.

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही मोटार घेऊ. तिच्या 1798 सीसी इंजिनावर बहुधा दीड इंची दोन एसयू कार्ब्युरेटर असत. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने त्याच्या साधारण 14.7 पट हवा लागते. हा रसायनशास्त्राचा आकडा झाला, पण इंजिन सतत त्यावर चालत नाही. चढावर पूर्ण ताकद काढायची तर हवा साडेबारा-तेरा पटच पुरते. सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना पेट्रोल वाचवायचं तर पंधरा-सोळा पट चालते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून मिश्रण याहून कितीतरी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करावं लागतं. मुंबईत नीट लावलेली जुनी फियाट महाबळेश्वरला गेली की रिच चालू लागते, कारण सुमारे 1350 मीटरवर हवा आठव्या हिश्शाने विरळ असते. कुणी स्क्रूला हातही लावलेला नसतो, तरी कालचं बरोबर आज चूक ठरतं. ॲरिस्टॉटलने मिलो पैलवानाच्या जेवणाचं उदाहरण देऊन नेमकं हेच सांगितलं होतं. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून सहा बरोबर असं होत नाही. सहा माप मिलोला कमी पडतील आणि कालपरवा आखाड्यात उतरलेल्या पोराला जास्त होतील.

इथे पहिला आक्षेप येतो. सगळंच परिस्थितीवर असेल तर ज्याचं त्याचं खरं, असं का म्हणू नये? याचं उत्तर कार्ब्युरेटरच देतो. एसयूच्या बाजूला एक छोटी पिन असते. इंजिन गरम असताना, आयडलिंगवर, ती पिन दाबून आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर मिश्रण रिच. इंजिन धडपडून बंद पडायला लागलं, तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झाला, तर बरोबर. मग खालचा षट्कोनी नट एकेका कडेने फिरवायचा आणि पुन्हा पिन दाबायची. यात मालकाचं मत कुणी विचारत नाही. हट्टाने रिच ठेवलं तर प्लग काजळतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुतलं जातं. हट्टाने लीन ठेवलं तर व्हॉल्व्ह जळतात. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या दृष्टीने, खरं ते सांगणाऱ्या जैनांच्या स्याद्वादावरही हा आक्षेप फार जुना आहे, आणि त्याचं उत्तरही हेच: अपेक्षा सांगितली की विधान सैल होत नाही, उलट पक्कं होतं.

कार्ब्युरेटरच्या निवडीतही हेच. दोन एसयू काढून त्या जागी एकच मोठा वेबर 45 डीसीओई बसवायची हौस अनेकांना असते. शर्यतीच्या इंजिनाला तो शोभतो. साध्या इंजिनावर मात्र कमी वेगात त्याच्या रुंद नळीतून हवा सावकाश वाहते, पेट्रोलचा नीट फवारा होत नाही, आणि सिग्नलवरून निघताना गाडी आचके देते. गरजेपेक्षा मोठं ते चांगलंच, हा समज असाच मोडतो. (तो मोडला तरी वेबरचा खप कमी होत नाही, हा भाग वेगळा.)

मला अधिक महत्त्वाची वाटते ती कामाची क्रमवारी. जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरला शेवटी हात लावतो. आधी टॅपेटचं अंतर, मग पॉइंट, मग टायमिंग. टायमिंग चुकलेलं असताना मिक्श्चर कितीही फिरवलं तरी एक दोष दुसऱ्या दोषाने झाकला जातो, एवढंच. सोणाला बुद्धाने उत्साह आवरायला सांगितलाच, पण त्याबरोबर इंद्रियांचा, म्हणजे साधनेतल्या मनाच्या शक्तींचा, समतोलही साधायला सांगितला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांचा विचार एकत्रच येतो. एकच सद्गुण सुटा काढून तो ‘मध्यावर’ आणता येतो, ही समजूत मिस्त्री, बुद्ध आणि गीता यांपैकी कुणालाच मान्य नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं आता कॉम्प्युटर करतो, मग विवेकाचं कौतुक कशाला? 1976 च्या सुमारास व्होल्वोने एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणला आणि मिश्रण आपोआप सांभाळलं जाऊ लागलं. पण ती यंत्रणाही 14.7 वर स्थिर बसत नाही. किंचित रिच, किंचित लीन, पुन्हा रिच अशी ती सतत हेलकावे घेत असते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकत राहणं तिलाही चुकलेलं नाही.

शेवटचा आक्षेप खरा जड आहे. इंजिनाचा हेतू बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. माणसाचा कोण ठरवणार? यावर कार्ब्युरेटर गप्प आहे, आणि त्याने गप्पच राहावं. बुद्धाचं ध्येय निर्वाण होतं आणि ॲरिस्टॉटलचं नगरातलं सुफळ जीवन; त्यांचं यावर जमलं नसतं. पण ध्येय कोणतंही धरा, ते धरल्यावर मध्य कुठे आहे हे मतदानाने ठरत नाही आणि दोन टोकांची सरासरी काढूनही सापडत नाही, एवढ्यावर दोघेही ठाम राहिले असते.