शत्रूचाही वाटा

अद्भुत कथेतला राक्षसाला मारणारा नायक आपल्याला आवडतो; पण राक्षसाला वश करून राबवणारा त्याहून अधिक आवडतो. मेलेला राक्षस कुणाच्याच कामाचा नसतो. दिव्यातला जिन्न मात्र एका रात्रीत महाल उभा करतो. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ त्याला कोडी घालतो आणि अखेरीस त्याचा जीवही वाचवतो. निसर्गाची जी भीती माणसाच्या मनात आदिकाळापासून घर करून आहे, तिच्यावरचे सर्वांत गोड औषध हेच, की आज जो आपल्याला भिववतो, तोच उद्या हात जोडून आपल्या आज्ञेची वाट पाहत उभा राहील.

सध्या मी अशीच एक मोठी अद्भुत कादंबरी लिहीत आहे. झरी जामणीसारख्या आडबाजूच्या तालुक्यात मुलांना शिकवणाऱ्या बाईने राजवाडे आणि उडते गालिचे कुठून आणावेत? म्हणून माझी नायिका पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातली, चौदा वर्षांची पोर आहे. तिच्या जगात डोहात आसरा आहेत, रानात वाघाचे रूप घेणारे दैवत आहे, कपाशीवर रात्रीतून उतरणारी एक अदृश्य शक्ती आहे, आणि ही सारी माणसांवर उलटलेली आहेत. त्यांना हुकूम करण्याची विद्या या मुलीला मिळते. मुलगीच का? तर पाण्याला डोहावर, सरपणाला रानात आणि वेचणीला शेतात घरातून आधी तीच जाते. निसर्गाचा राग जिच्या अंगावर पहिल्याने येतो, तिच्याच हाती विद्या यावी, हा साधा न्याय झाला. इथवर लेखणी अडली नाही. प्रश्न पुढचा आहे. विद्या हाती आली, म्हणजे हुकूम चालवण्याचा हक्कही आला काय?

कुणी म्हणेल, यात प्रश्न कसला? ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला विचारा! हा आक्षेप हलका नाही. आमच्याच जिल्ह्यात, पांढरकवडा आणि राळेगावच्या बाजूला, ‘टी-1’ म्हणजेच ‘अवनी’ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, लक्ष्मीपूजन अवघ्या पाच दिवसांवर आले असताना, ती गोळीने मारली गेली. तिचे दोन बछडे मागे राहिले. दूरच्या शहरांतून हळहळ उमटली; जवळच्या गावांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पण ज्याला रात्री पिकाच्या जागलीला जावे लागत नाही, त्याने जागल करणाऱ्याला वाघावरच्या प्रेमाचा धडा देऊ नये. म्हणून माझ्या नायिकेला सर्वांशी प्रेमाने वागा एवढे सांगून मोकळे होता येणार नाही. संकट तिला थांबवावेच लागेल, प्रसंगी बळानेही.

तेव्हा बळ वापरावे की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. बळ वापरून झाल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे.

कालियामर्दनाची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. पण तिचा शेवट येईतो आपले लक्ष प्रसादाकडे लागलेले असते. फणांवर नाचणारा बाळकृष्ण आपल्या देवघरातल्या चित्रात असतो. भागवतातली कथा मात्र तिथे थांबत नाही. नागपत्नी पदर पसरतात. कालिया सांगतो, की आम्ही जन्मतःच असे. स्वभाव कसा टाकावा? आणि मग कळते, की यमुनेच्या डोहात तो येऊन दडला तो गरुडाच्या भीतीने! कृष्ण त्याला मारीत नाही. दास करून गोकुळाच्या राखणीलाही बसवीत नाही. डोह सोडून रमणकद्वीपाला परत जा, असे तो बजावतो, आणि फणांवर उमटलेली माझी पावले पाहून गरुड तुला शिवणार नाही, असे अभय देतो. आधी त्याने कालियाचा माज उतरवला, आणि मग ज्या भीतीपायी ते विष डोहात आले होते, ती भीतीच काढून घेतली. नुसता माज उतरवला असता, तर विष दुसऱ्या कुठल्या तरी डोहात गेले असते.

सातासमुद्रापलीकडच्या एका गोष्टकारालाही हेच सुचले. जपानमधील हायाओ मियाझाकी यांनी 1982 ते 1994 या काळात ‘वाऱ्याच्या खोऱ्यातली नाउसिका’ ही दीर्घ चित्रकथा रचली. तिच्यावरचा चित्रपट 1984 साली आला. त्यातली नाउसिका ही एक कोवळी राजकन्या आहे. विषारी बुरशीचे अरण्य आणि त्यातले राक्षसी किडे माणसांना गिळत चालले आहेत, आणि मोठमोठी राज्ये ते अरण्य जाळायला निघाली आहेत. ही मुलगी त्याच वनस्पती आपल्या किल्ल्याच्या तळघरात, खोल विहिरीच्या शुद्ध पाण्यावर वाढवून पाहते, तर त्या विषारी नसतातच! विष मातीत आहे, आणि ते माणसांनी कालवले आहे. किड्यांचा राग शांत करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. पण त्यांचे सैन्य करावे, असे तिच्या मनात येत नाही. किड्याच्या पिल्लाला छळून सारा कळप शत्रूच्या अंगावर सोडण्याची युक्ती इतर माणसेच करतात.

गोष्टीतला न्याय शेतात चालतो काय? आमच्या काळ्या रानाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 2002 साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. 2006 साली तिची अधिक ताकदीची आवृत्ती आली. बोंडअळीला मारणारी शक्ती बियाण्यातच बांधलेली! जिन्न म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पण या बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणेही दिले जाई. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे तिथल्या अळ्या जगतील. विष पचवू लागलेल्या एखाद्या अळीच्या पतंगाचा जोडा त्यांच्याशी जुळेल, आणि पुढच्या पिढ्यांतून ती ताकद पातळ होत जाईल. शत्रूचा वाटा काढून ठेवा, असे शास्त्रानेच सांगितले होते. तो वाटा बहुतेक शेतांत निघाला नाही. पाच एकरांच्या धन्याने अळीसाठी ओळी का सोडाव्यात, हे त्याला नीट पटवून तरी कुणी दिले? गुलाबी बोंडअळी हळूहळू विष पचवायला शिकली, आणि 2017 साली तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हुकूम जितका कडक, तितके त्याचे उलटणेही कडक असते.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना याची जाण नव्हती असे नाही. कपाशीच्या पहिल्या वेचणीला इथे सीतादही करतात. दहीभाताचा घास आधी शेताला, मग कापूस आपल्याला. पैनगंगेच्या दोन्ही तीरांना कोलामांचे पोड आहेत. पलीकडच्या आदिलाबादेत 1940 च्या दशकात राहून आलेल्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने लिहून ठेवले आहे, की बलाढ्य राजगोंडही भूमीच्या दैवतांची पूजा कोलाम पुजाऱ्यांकडे सोपवीत. राज्य करणाऱ्यानेही या मातीशी बोलायचे, तर तिच्याशी ज्यांचा जुना परिचय आहे त्यांना विचारून बोलावे, एवढी नम्रता त्यात होती.

तर माझी नायिका काय करील? ती आसरांना आज्ञा करील, की यापुढे कुणाचे लेकरू बुडवायचे नाही. पण त्याआधी त्यांच्या रागाचे कारण विचारील. आणि मग दुसरी आज्ञा आपल्याच गावाला करील, की डोहाचे पाणी या खुणेच्या खाली उपसायचे नाही, वैशाखातसुद्धा नाही. कादंबरीचा कठीण भाग तो आहे. आसरांसाठी तिच्याजवळ विद्या आहे; गावासाठी नाही. आपल्या माणसांना मंत्राने बांधता येत नाही. तिथे दारोदार जावे लागते, शिव्या खाव्या लागतात, आणि पुन्हा जावे लागते. जी दुसरी आज्ञा द्यायला तयार नाही, तिला पहिलीचा हक्क नाही, असे मला वाटते.

वाचकहो, पाडव्याला आपल्या घरोघरी बळीराजाची आठवण निघेल. वामनाने त्याला तीन पावलांत जिंकले, पाताळात धाडले. पण त्याला तिथले राज्य दिले, वर्षाचा एक दिवस दिला, आणि स्वतः त्याच्या दारावर द्वारपाल होऊन राहिला, असे पुराण सांगते. जिंकणे ही फक्त त्या पावलांची गोष्ट होती. राखणीचे काम मात्र अजून चालूच आहे.