घडणावळ

‘कलावंताला पैशाचा मोह नसावा’ हे वाक्य मी आजवर निदान शंभर वेळा ऐकले असेल. पण एकदाही कलावंताच्या तोंडून ऐकलेले नाही. ज्याच्याकडून कलावंताचे पैसे येणे असतात त्याच्याच तोंडून ते निघते, आणि तेही बिल हातात पडल्यावर.

मी पडलो बी.कॉम. कलेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ‘येणे’ आणि ‘देणे’ या दोन शब्दांवर गेली वीस वर्षे मी बँकेत पगार घेतो आहे. तेव्हा तेवढ्यापुरते बोलतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खामगावची चांदी प्रसिद्ध. लग्नसराईत लांबलांबचे गिऱ्हाईक येते. सराफ भाव सांगतो आणि गिऱ्हाईक निमूटपणे मान हलवते. भाव म्हणजे कसा, पावसासारखा वरून आलेला. त्याच्याशी भांडून काय करता? पण घडणावळीचा आकडा निघाला, की त्याच गिऱ्हाइकाच्या अंगात येते. “इतकी घडणावळ? नुसतं ठोकलं तर हाये!” म्हणजे धातूला भाव, आणि हाताला घासाघीस.

बँकेतही निराळे नाही. सोनेतारण कर्जाला दागिना आला, की आमचे सराफ निव्वळ सोन्याचे वजन धरतात. खडे वजा, घडणावळ शून्य. नियम चुकीचा नाही. कर्ज बुडाले तर दागिना वितळणारच, आणि वितळलेल्या मोराला पिसारा राहत नाही. पण तो मोर ज्याने रात्री जागून घडवला, त्याच्या रात्री आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, हेही खरे.

आमच्या गावात एक पेंटर आहेत. सारे गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणते. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘आईची कृपा’, निवडणुकीत भिंती. त्यांचे अर्थशास्त्र कपाशी आणि सोयाबीनवर चालते. पीक आले, की नवी ट्रॉली. नवी ट्रॉली आली, की आईची कृपा. पाऊस दडला, की सर्वांत आधी आईची कृपा रद्द. पुढे फ्लेक्स आला. त्याचा भाव चौरस फुटावर, आणि तो कोणी फारसा घासत नाही. कारण यंत्र ओशाळत नाही. पेंटरभाऊ ओशाळतात. २०२० च्या टाळेबंदीत तर दुकानेच बंद. पाटी कोण रंगवणार?

एका किराणा दुकानासमोर ऐकलेला हा संवाद. अक्षर सुरेख उतरले होते. शेटजी खूश होऊन म्हणाले, “रंगाचे किती झाले ते घेऊन टाका. बाकी काय, तुमचा हातच तो. हाताले काय लागते?”

पेंटरभाऊ ब्रश पुसत म्हणाले, “दोन टाइम जेवाले लागते जी.”

हा हाताच्या किमतीचा वाद लंडनच्या कोर्टातही गेलेला आहे. व्हिसलर या चित्रकाराने रस्किन या बड्या टीकाकारावर लावलेला अब्रूनुकसानीचा दावा १८७८ साली सुनावणीला आला. वकिलाने विचारले, दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? व्हिसलरने सांगितले, दोन दिवसांचे नव्हे, जन्मभर मिळवलेल्या ज्ञानाचे मागतो. व्हिसलर दावा जिंकले. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्च ज्याचा त्याने सोसायचा. दुसऱ्या वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. न्याय मिळाला, फक्त तो परवडला नाही.

इथे आमचे काही सुशिक्षित मित्र गायतोंडे काढतात. वासुदेव गायतोंडे १९२४ साली आपल्या विदर्भातच, नागपूरला जन्मले. मोजकीच चित्रे काढली, विक्रीच्या मागे लागले नाहीत, दिल्लीत साधेपणाने राहिले. २००१ साली गेले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. “पाहा,” मित्र म्हणतात, “पैशामागे धावले नाहीत म्हणून एवढे मोठे झाले!”

माझ्या कारकुनी डोक्यात पहिला प्रश्न येतो : रक्कम जमा कोणाच्या खात्यात झाली? दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. गायतोंड्यांनी साधेपणा स्वतः निवडला होता. उपास ज्याने धरला, पुण्य त्याचे. दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याच्या उपासाचे कौतुक करणे, हे कुठल्या पोथीत पुण्य म्हणून लिहिले आहे? हुसेनांनी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले, चौरस फुटाला काही आण्यांनी. त्याने त्यांची कला बाटली नाही. पोट मात्र भरले. गरिबीने कला शुद्ध होते, हा शोध कलावंताचा नसून गिऱ्हाइकाचा असावा, असा मला दाट संशय आहे.

“मग काय, कोणीही वेडीवाकडी पाटी रंगवून वाटेल ते मागावं?” असेही कोणी विचारील. मुळीच नाही. काम पसंत नसेल तर देऊ नये. भाव आधी ठरवावा, हवे तर भांडून ठरवावा. पण पाटी भिंतीवर चढल्यावर ‘तुमचा हातच तो’ म्हणणे हा सौदा नव्हे, ही उचलेगिरी.

आमच्या जिल्ह्याच्या वेशीपलीकडेच अजिंठा. सोळा क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. ही वाकाटक मंडळी आपल्या शेजारच्या वाशीमची. पैसे देणाऱ्याचे नाव पंधराशे वर्षे टिकले. त्यात रंगवणाऱ्याचे नाही. पण तिथे अर्धवट सोडलेली लेणीही आहेत. आश्रय आटला तसे हातही थांबले, असे अभ्यासक मानतात. कलावंत उपाशी राहिला म्हणजे कला शुद्ध होत नाही. ती अर्धी राहते.

पेंटरभाऊंना आता शाळेच्या ‘बोलक्या भिंतीं’चे काम मिळाले आहे. शिडी आणि कम्प्रेसरसाठी ते ‘मुद्रा’ कर्जाला आले. त्यात तारण लागत नाही, हे त्या योजनेचे मोठे उपकार. फॉर्मवर ‘उत्पन्नाचा पुरावा’ पाहून म्हणाले, “साहेब, पुरावा गावभर हाये, भितीभितीवर. उत्पन्न तेवढं दिसत नाही.”

म्हणून माझी एकच साधी सूचना आहे. पुढल्या वेळी पाटी रंगवून घ्याल, तेव्हा रंगाचा आणि हाताचा असे दोन आकडे वेगळे लिहून मागा. आणि दुसरा आकडा वाचताना चेहरा तसाच ठेवा, जसा खामगावात चांदीचा भाव ऐकताना ठेवता.